टायटॅनियम, हाड आणि मेंदू: मेटलर्जीच्या मुलाला यात खरंच काम आहे का?

धातुवेडा:

नमस्कार मंडळी,

मी मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. या सेमिस्टरला बायोमटेरियल्स इलेक्टिव्ह घेतलंय आणि एक तक्ता डोक्यातून जाता जात नाहीये. हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, १५ ते २० गिगापास्कल. टायटॅनियमच्या नेहमीच्या अलॉयचा ११० च्या आसपास. ३१६एल स्टीलचा १९० च्या पुढे, कोबाल्ट-क्रोमचा त्याच्याही वर. म्हणजे खुबा बदलताना मांडीच्या हाडात हाडाच्या पाच-दहा पट ताठ दांडा बसवतात आणि तरी लोक त्यावर पंधरा-वीस वर्षं चालतात. हे जमतं कसं आणि कुठे फसतं, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलंय.

दुसरं म्हणजे, वाचता वाचता न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला २०२० चा एक पेपर सापडला, स्वीडनचा. त्यात कृत्रिम हाताला न्यूरोमस्क्युलोस्केलेटल म्हटलंय, म्हणजे नस, स्नायू, हाड सगळं एकाच इम्प्लांटला जोडलेलं. तिथून मेंदूतल्या इलेक्ट्रोडवर गेलो तर तिथेही स्टिफनेसचीच भानगड. आता मला कळत नाहीये की धातू, हाड आणि मेंदू हा खरंच एक सलग विषय आहे की तीन डिपार्टमेंट एकत्र येऊन ग्रँट मागतात एवढंच? आणि माझ्यासारख्या फेज डायग्राम शिकलेल्याला त्यात करण्यासारखं काय आहे? घरी विचारलं तर स्टील प्लांट नाहीतर आयटी एवढंच उत्तर मिळतं. यातलं कुणी प्रत्यक्ष काम करत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मी वाचायला तयार आहे.


कृष्णाकाठचा ऑर्थो:

भावा, मी कोल्हापूरकडे हाडांचा डॉक्टर आहे, रोज हेच बघतो, म्हणून आधी हाडाचं सांगतो.

हाड काय गप्प बसलेली वस्तू नाही. त्याच्यावर जेवढा भार येतो तेवढंच ते स्वतःला ठेवतं, जिथे भार नाही तिथलं काढून टाकतं. अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांतून तिकडे वर महिन्याला साधारण १ ते दीड टक्का हाड जातं, कारण वजनच नाही. आता तुझा ११० गिगापास्कलवाला दांडा मांडीच्या हाडात बसला की शरीराचा भार आधी दांडा उचलतो आणि खाली टोकाकडे नेऊन सोडतो. वरच्या भागातल्या हाडाला काम उरत नाही. ऑपरेशननंतर काही वर्षांनी एक्स-रे काढला की मांडीच्या हाडाचा वरचा आतला कोपरा, ज्याला आम्ही कॅल्कर म्हणतो, तो गोल झालेला, पातळ झालेला दिसतो. कडेची पांढरी रेघ आधी ठळक होती ती फिकी पडलेली असते. यालाच स्ट्रेस शील्डिंग म्हणतात. बऱ्याच पेशंटना त्याचा काही त्रास होत नाही हेही सांगतो, चालतात फिरतात मजेत. त्रास होतो तो पुढे कधी दांडा बदलायची वेळ आली तर, कारण नवीन दांडा धरायला वर हाडच शिल्लक नसतं, आणि पेशंट चाळिशीतला असेल तर ती वेळ येणारच असं धरून चालावं लागतं.

इंजिनिअरला यात काय काम असं विचारलंस ना, मग ही गोष्ट वाच. १८६६ च्या सुमाराला झुरिचमध्ये हर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीचं हाड उभं कापून आतली जाळी दाखवत होते. कार्ल कुलमान नावाचे स्ट्रक्चरचे इंजिनिअर तिथे होते. वाकलेल्या क्रेनमध्ये ताण कुठल्या रेषांनी जातो हे ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यायचे, आणि त्यांना त्या हाडाच्या जाळीत त्याच रेषा दिसल्या. पुढे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आज आम्ही ज्याला वोल्फचा नियम म्हणतो तो तिथून आला. क्रेन आणि हाड अगदी जसंच्या तसं जुळत नाही यावर नंतर भरपूर वाद झाले, पण सुरुवात एका इंजिनिअरच्या नजरेनं झाली हे विसरू नको.

आता मेंदूचं. माझं ते क्षेत्र नाही, पण एक गोष्ट ट्रॉमामध्ये काम करणारा कुणीही सांगेल. अपघातात नुसती मांडी मोडलेला पेशंट आणि मांडीबरोबर डोक्यालाही जबर मार लागलेला पेशंट, या दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी लाव. डोक्याला मार लागलेल्याचा कॅलस, म्हणजे मोडलेलं हाड जुळताना येणारी नव्या हाडाची गाठ, अनेकदा लवकर येतो आणि एवढा मोठा येतो की बघतच राहावं. कधी कधी तर खुब्याभोवती, कोपराभोवती, जिथे हाड नकोच आहे तिथे स्नायूंमध्ये हाड तयार होतं आणि सांधा जाम होतो. उलट मणक्यात नस कापली गेली की त्याखालची हाडं झपाट्यानं विरळ होतात, त्यात पाय न वापरण्याचा भाग आहेच, पण तेवढाच आहे असं वाटत नाही. म्हणजे वरून हाडाला काहीतरी निरोप जातो. काय जातो आणि कसा, ते इथलं कुणीतरी अभ्यासू सांगेल.


उत्तरध्रुव:

मी मूळचा नगरचा, सध्या स्वीडनमध्ये गोथेनबर्गला पोस्टडॉक करतोय, न्यूरल इंटरफेसवर, म्हणजे मेंदू-नसा आणि यंत्र यांच्या जोडणीवर. मित्रा, तू ज्या पेपरबद्दल बोलतोयस तो इथलाच, मॅक्स ऑर्टिझ कातालान आणि मंडळींचा. माझ्या ग्रुपचा नाही, पण इथे या विषयाचं वातावरणच आहे त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सुरुवात १९५२ ची. पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक तेव्हा लुंडला होते. त्यांचा विषय धातू नव्हताच, हाडाच्या आतल्या मगजात रक्त कसं वाहतं ते जिवंतपणी बघायचं होतं. म्हणून सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचा एक छोटा चेंबर बसवला, आत लेन्स, वरून मायक्रोस्कोप. प्रयोग झाल्यावर चेंबर काढायला गेले तर निघेना. हाड त्याला चिकटून वाढलेलं. मधे मांसाचा पातळ थर असतो तोही नाही. १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या माणसाच्या जबड्यात दातासाठी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. दातांच्या डॉक्टरांना ते पटायला पुढे कितीतरी वर्षं गेली. टायटॅनियम हवेत आला की त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर क्षणात बसतो, आणि शरीर खऱ्या अर्थानं भेटतं ते त्या ऑक्साइडला, आतल्या धातूला नाही. हा मुद्दा मेटलर्जीवाल्यानं पक्का धरून ठेवण्यासारखा आहे.

१९७७ मध्ये इथेच कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर ऐकण्याचं यंत्र लावलं, आवाज कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला. आणि १९९० मध्ये मांडीतून पाय गेलेल्या पेशंटच्या हाडात टायटॅनियमचा खुंटा बसवला, त्वचेतून बाहेर काढला आणि कृत्रिम पाय त्यालाच अडकवला; ब्रोनेमार्कांचा मुलगा रिकार्ड, तो ऑर्थोपेडिक सर्जन, त्यानं हे काम पुढे नेलं. उरलेल्या मांडीवर चढवायचं सॉकेट नाही, पट्टे नाहीत. अमेरिकेत याला पूर्ण मंजुरी मिळायला डिसेंबर २०२० उजाडला. सगळं गोड आहे असं नाही, त्वचेतून धातू बाहेर येतो तिथे इन्फेक्शनचा त्रास होतो, आणि धातूला त्वचा घट्ट चिकटवणं हा आजही न सुटलेला मटेरियल्सचा प्रश्न आहे.

पण या पेशंट लोकांनी एक गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि तिथे मेंदू आत आला. त्यांना कळायला लागलं की आपण गवतावर चालतोय की डांबरावर. पाय प्लास्टिकचा आणि धातूचा, त्यात एकही सेन्सर नाही. टाच टेकली की तो ठोका टायटॅनियममधून हाडात, हाडातून वर. सॉकेटवाल्या पायात मधली चामडी आणि चरबी तो ठोका गिळून टाकते. याला ऑसिओपरसेप्शन म्हणतात. ठोका नेमका कुठल्या नसा ऐकतात, हाडावरच्या पातळ पडद्यातल्या की आजूबाजूच्या स्नायूंतल्या, की आतला कानही त्यात असतो, यावर अजून काम चालू आहे. मला वैयक्तिक विचारशील तर या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच, कारण कुणी डिझाइन न करता धातू ज्ञानेंद्रियाचा भाग झाला.

तुझ्या पेपरमधली मंडळी त्याच्या पुढची पायरी. हात गेलेले चार पेशंट, हाडात टायटॅनियमचा खुंटा, त्याच खुंट्याच्या आतून वायरी, स्नायूंवर इलेक्ट्रोड आणि नसेभोवती कफ इलेक्ट्रोड. स्नायूंचा सिग्नल बाहेर हाताला जातो आणि हाताच्या बोटावरच्या सेन्सरचा सिग्नल नसेतून मेंदूकडे. नस उत्तेजित केली की पेशंटला गेलेल्या हाताच्या बोटावर स्पर्श जाणवतो. चौघांनी ते लॅबबाहेर, रोजच्या आयुष्यात, ३ ते ७ वर्षं वापरलं. त्वचेतून बाहेर येणारा धातू इथे दारही आहे आणि केबलही.

आता मेंदूतल्या इलेक्ट्रोडचं, म्हणजे माझ्या कामाचं. युटा अ‍ॅरे म्हणून सिलिकॉनच्या १०० सुयांचा, ४ मिलिमीटर चौकोनाचा एक तुकडा असतो, प्रत्येक सुई दीड मिलिमीटरपर्यंत. २००४ मध्ये ब्रेनगेट या मेंदूला कॉम्प्युटर जोडण्याच्या चाचणीतल्या पहिल्या पेशंटच्या मेंदूत तोच बसवला, आणि पूर्ण लुळ्या पडलेल्या माणसानं विचारानं स्क्रीनवरचा कर्सर हलवला. पण मेंदू असतो खरवसासारखा मऊ, किलोपास्कलच्या हिशोबात, आणि सिलिकॉन शंभर-दीडशे गिगापास्कल. टायटॅनियम आणि हाडात तू पाच-सहा पटींचा फरक बघून चकित झालास, इथे फरक दहा कोटी पटींच्या घरात आहे. वर मेंदू स्थिर नसतो. प्रत्येक श्वासाबरोबर, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो किंचित सरकतो आणि सुई जागची हलत नाही. मग अ‍ॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या आणि राखण करणाऱ्या पेशी, त्या सुईभोवती आवरण बांधतात, न्यूरॉन लांब होतात, सिग्नल महिन्यागणिक बारीक होत जातो.

यावर उपाय म्हणजे पॉलिइमाइडसारख्या पॉलिमरचे काही मायक्रॉन जाडीचे धागे. आणि हे तुला पटकन कळेल, कारण वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर. पण मऊ धागा मेंदूत घुसत नाही, दुमडतो. म्हणून सुईनं ओढत न्यायचा नाहीतर विरघळणाऱ्या लेपानं तात्पुरता कडक करायचा. आणि आत गेल्यावर तो तिथेच राहील याचीही खात्री नाही, २०२४ मध्ये न्यूरालिंक या मेंदूत इलेक्ट्रोड बसवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या पेशंटच्या मेंदूतून काही धागे मागे सरकले हे त्यांनीच जाहीर केलं होतं.


धातुवेडा:

डॉक्टर, दादा, दोघांनाही मनापासून थँक्स. क्रेनची गोष्ट आमच्या एकाही सरांनी सांगितली नव्हती.

पण मग एक शंका. जर हाड काय आणि मेंदू काय, त्रास ताठपणाचाच आहे, तर सरळ हाडाइतकाच लवचिक धातू का बनवत नाहीत? बीटा टायटॅनियम अलॉय आहेत ना, नायोबियम-झिर्कोनियम-टँटलमवाले, ५५-६० गिगापास्कलपर्यंत येतात. सच्छिद्र थ्रीडी प्रिंट केलं तर आणखी खाली. मग अजूनही सगळीकडे जुनंच अलॉय का?


लेथवाला:

मी इम्प्लांट बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं आहे, आधी मशीनवर आणि आता टेस्टिंगला. शंका रास्त आहे बाळा, पण नुसता मॉड्युलस बघून चालत नाही.

हाडाइतकाच लवचिक खुबा लोकांनी बनवून बघितलाय. सत्तरच्या दशकात युरोपात प्लास्टिकचे दांडे काढले होते, आत धातूची सळई आणि बाहेर पॉलिअ‍ॅसिटल, कल्पना हीच की हाड वाकेल तसा दांडा वाकेल. ते ढिले पडले. कारण दांडा लवचिक झाला की तो भार खालपर्यंत नेत नाही, सगळा भार वरच्या वरच हाडावर टाकतो, आणि हाड-दांड्याच्या सांध्यावर घसरण्याचा ताण वाढतो. ताठ दांडा हाड झिजवतो आणि लवचिक दांडा सांधा सोडतो, दोन्हीच्या मधे जागा शोधायची असते. आणि सुरुवातीचे काही आठवडे तर सगळा खेळ हालचालीचा. पायरीवर पाय टाकला आणि दांडा हाडात पन्नासेक मायक्रॉनच्या आत हलला तर हाड त्याला धरतं. दीडशेच्या वर हलायला लागला की हाडाऐवजी मधे मांसाचा तंतुमय थर तयार होतो आणि तो खुबा कायमचा दुखरा.

मग फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन धातू थकून तुटणं. माणूस वर्षाला एका पायावर साधारण दहा लाख पावलं टाकतो आणि साध्या चालण्यात खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. आमच्याकडे दांडा तिरका धरून ५० लाख सायकल मारतात, तोपर्यंत तुटता कामा नये. सच्छिद्र केलं की प्रत्येक छिद्राची कड म्हणजे क्रॅकला आमंत्रण. म्हणून खुब्याची वाटी सच्छिद्र प्रिंट करतात, ती चालते उत्तम, पण अख्खा दांडा सच्छिद्र करायला हात थरथरतात. शिवाय प्रिंट झाल्यावर छिद्रात अडकलेली न वितळलेली पावडर काढणं हे वेगळंच काम, ती आत राहिली तर पेशंटच्या हाडात जाणार.

आणि अलॉयचं म्हणशील तर तू मेटलर्जीचा आहेस, वितळण्याचे आकडे बघ. टायटॅनियम १६६८ डिग्री, नायोबियम २४७७, टँटलम ३०१७. हे एकत्र वितळवायचं म्हणजे व्हॅक्यूम आर्कमध्ये पुन्हा पुन्हा वितळवत बसायचं, नाहीतर टँटलमचे न विरघळलेले गोळे अलॉयच्या ठोकळ्यात राहतात. किंमत कुठे जाते बघ. जुनं अलॉय पन्नासेक वर्षं माणसाच्या अंगात टिकलेलं आहे, मंजुरीसाठी त्याची फाइल तयार आहे. नवीन अलॉयला सगळं पहिल्यापासून.

मशीनवरचं एक सांगतो. टायटॅनियम उष्णता वाहून नेत नाही, सगळी उष्णता टूलच्या टोकावर साचते. कूलंट कमी पडलं की निघणारी चिप निळी पडते, जास्तच झालं तर पेट घेते. त्या तापलेल्या जागी पृष्ठभागावर ऑक्सिजन शिरून ठिसूळ थर बसतो, डोळ्याला दिसत नाही, पण फटीग टेस्टला तिथूनच तुटतं. वर भाऊ म्हणाले ना की शरीर ऑक्साइडला भेटतं, ते आम्हाला रोज दिसतं. पृष्ठभाग नीट नसेल तर आतलं अलॉय कितीही भारी असू दे.


पेशीवाचक:

मी हाडांच्या पेशींवर पीएचडी करतेय, मुंबईत. सगळ्यांचं वाचून एक सांगावंसं वाटतंय. वर सगळे ताठपणा म्हणजे भार कसा विभागला जातो एवढंच धरून बोलतायत. पण पेशीला ताठपणा स्वतःला कळतो, भार नसतानाही. २००६ मध्ये सेल जर्नलमध्ये डेनिस डिशर यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या लॅबचा पेपर आला होता. हाडाच्या मगजातल्या स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, घेतल्या आणि वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या, बाकी सगळं तेच. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे एक किलोपास्कलच्या आत, पेशी न्यूरॉनसारख्या फांद्या काढायला लागल्या. दहाच्या आसपास स्नायूसारख्या झाल्या आणि २५ ते ४० किलोपास्कलला हाडाच्या वळणावर गेल्या. त्या पेपरच्या लेखकांपैकी शमिक सेन आता आयआयटी बॉम्बेला आहेत. धातुवेडा, तुझे तिन्ही विषय त्या एका प्रयोगात आहेत, आणि बदललेली गोष्ट फक्त मटेरियलची.

डॉक्टर म्हणाले भार नसला की हाड जातं, ते कळतं कुणाला तर ऑस्टिओसाइटना. हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी त्याच, हाडात गाडून घेतलेल्या, बारीक बारीक नळ्यांतून एकमेकींना जोडलेल्या. हाड किंचित वाकलं की त्या नळ्यांतलं पाणी सरकतं आणि ते त्यांना जाणवतं. भार आला की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन कमी सोडतात, स्क्लेरोस्टिन हा हाड बनवण्याचा ब्रेक आहे. तो ब्रेक अडवणारं औषध, रोमोसोझुमॅब, अमेरिकेत २०१९ ला आलं. म्हणजे यांत्रिक प्रश्नाचं उत्तर इंजेक्शनमधून.

मेंदू-हाड निरोपाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या ग्रुपनं २००० मध्ये उंदरांत दाखवलं की लेप्टिन हे हॉर्मोन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमार्फत हाड बनणं कमी करतं. पुढे त्यांनीच मांडलं की हाडातून निघणारं ऑस्टिओकॅल्सिन उलट मेंदूवर, स्मरणशक्तीवरसुद्धा काम करतं. यूट्यूबवर याचे भरपूर व्हिडिओ आहेत, हाडं मजबूत तर डोकं तल्लख वगैरे. ते बघताना जरा जपून, कारण २०२० मध्ये दोन वेगळ्या ग्रुपनी ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्यानं तयार केले आणि त्यांना साखर, प्रजनन वगैरेंवरचे आधी सांगितलेले परिणाम दिसले नाहीत. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटेपर्यंत त्यावर कुणी गोळ्या विकत असेल तर घेऊ नका.

पण तुझ्या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत चोख उत्तर मॅग्नेशियम आहे. मॉड्युलस ४५ गिगापास्कलच्या आसपास, हाडाच्या बराच जवळ, आणि शरीरात विरघळतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन करून काढायला नको. १९०७ मध्ये लँबोट नावाच्या बेल्जियन सर्जननं मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची प्लेट लावली होती, पण खिळे वापरले सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टीलचे. आठ दिवसांत प्लेट विरून गेली आणि चामडीखाली गॅस भरला. का, ते तू माझ्यापेक्षा चांगलं सांगशील. शंभर वर्षांनी ते जमायला लागलं, जर्मनीतल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपची मान्यता मिळाली.

खरी मजा २०१६ च्या पेपरमध्ये आहे, नेचर मेडिसिन, हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या लिंग चिन यांचा ग्रुप. उंदराच्या मांडीच्या हाडात आत मॅग्नेशियमची सळई घातली, आणि नवीन हाड सळईजवळ न येता हाडाच्या बाहेरच्या बाजूला भरपूर आलं. आत धातू आणि हाड बाहेर, हे कसं? त्यांनी माग काढला. विरघळलेले मॅग्नेशियमचे आयन हाडातून पार होऊन बाहेरच्या पडद्यापर्यंत जातात, तिथे दुखणं कळवणाऱ्या नसांची टोकं असतात, त्या नसा सीजीआरपी नावाचं प्रोटीन सोडतात आणि त्यामुळे पडद्यातल्या स्टेम सेल हाड बनवायला लागतात. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन वापरून त्यांनी त्या नसा निकामी केल्या, तर हाड येणं बरंचसं थांबलं. पडदा खरवडून काढला तरी तेच. मणक्याशेजारच्या गाठीत, जिथे त्या नसांच्या पेशी असतात, तिथेही सीजीआरपी वाढलेलं सापडलं.

म्हणजे बघ, धातूनं हाड वाढवलं ते नसेला विचारून. हे पेट्री डिशमध्ये कधीच दिसलं नसतं, कारण डिशमध्ये नस नसते. म्हणून तीन डिपार्टमेंट ग्रँटसाठी एकत्र येतात का, याला माझं उत्तर असं की कधी कधी येतातही, पण या पेपरमधला प्रश्न एकट्या कुठल्याच डिपार्टमेंटला सुटला नसता.


कृष्णाकाठचा ऑर्थो:

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. हाड बसवताना वरचा पडदा जपा, उगाच खरवडू नका, हे आम्हाला आमच्या सरांनी रक्तपुरवठ्यासाठी म्हणून शिकवलं होतं. त्यात नसांचाही एवढा वाटा असेल असं मनात आलं नव्हतं. आणि शुगरवाल्या पेशंटच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यांचे फ्रॅक्चरही रेंगाळतात. अर्थात त्याला रक्तवाहिन्यांपासून दहा कारणं आहेत, पण हे एक डोक्यात राहील.


धातुवेडा:

ताई, लँबोटचं सांगतो, गॅल्व्हॅनिक कपल, म्हणजे दोन धातू जोडले की बॅटरी तयार होते आणि त्यातला एक झपाट्यानं गंजतो. मॅग्नेशियम अ‍ॅनोड, सोनं कॅथोड, मधे खारट पाणी. यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडणार नाही. गॅस म्हणजे हायड्रोजन. आठ दिवस टिकली हेच जास्त.

आता मला खरंच यातच पुढे जायचंय. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मॅग्नेशियमच्या गंजण्यावर घेऊ का? आणि गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेला, मेटलर्जीचा पेपर द्यायचा की बायोमेडिकलचा? पेशी वगैरे मला शून्य येतं.


पेशीवाचक:

गेट तुझ्याच विषयाचा दे. पेशी वाढवणं शिकवता येतं, माझ्या लॅबमध्ये मेकॅनिकलची मुलंही शिकली. फेज डायग्राम आणि गंज याची पकड आमच्याकडे नाही, तीच घेऊन ये. जागा आहेत आपल्याकडे, बंगळुरूला आयआयएससीत बायोमटेरियल्सवर काम चालतं, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट, ज्यांनी देशी हृदयाचा व्हॉल्व्ह बनवला, आणि मुंबईत आयआयटीचं बेटिक, म्हणजे वैद्यकीय उपकरणं तयार करणारं केंद्र, ज्यात पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही जोडलेलं आहे. पुण्यातच आहेस तर आधी तिथे जाऊन डॉक्टर लोक काय अडचणी घेऊन येतात ते बघ. आणि न्यूरोचं एखादं बेसिक पुस्तक आत्ताच वाचायला घे, नंतर वेळ मिळत नाही.


उत्तरध्रुव:

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे सगळ्यात तुटवडा आहे तो इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर काय होतं ते समजणाऱ्यांचा. मेंदूतली प्लॅटिनम-इरिडियमची तार असो की मॅग्नेशियमचा स्क्रू, इलेक्ट्रोकेमिस्ट्री पक्की असेल तर दोन्हीकडे उपयोगी पडशील.


लेथवाला:

प्रोजेक्ट घे, पण साध्या मिठाच्या पाण्यात बुडवून आकडे काढू नकोस, ते शरीराशी जुळत नाहीत. हँक्सचं द्रावण किंवा एसबीएफ, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी, घे, ३७ डिग्रीला ठेव, पीएच रोज बघ कारण मॅग्नेशियम विरघळलं की तो चढतो आणि चढला की गंज आपोआप मंदावतो, मग तुला वाटेल अलॉय चांगलं आहे. द्रावण भरपूर घे आणि बदलत राहा. नुसत्या वजनावर विसंबू नकोस, वर गंजाचा थर बसतो तो नीट निघत नाही. नमुन्यावर उलटं नरसाळं ठेवून त्यावर द्रावणानं भरलेली ब्युरेट लाव आणि हायड्रोजन मोज, एक मिलिग्रॅम मॅग्नेशियमला साधारण एक मिलीलिटर गॅस निघतो, त्यामुळे अगदी बारीक फरकही दिसतो. त्याच द्रावणात एक नमुना टायटॅनियमच्या स्क्रूला टेकवून ठेव आणि एक सुटा ठेव, दोन्हीची तुलना कर. टायटॅनियमचे तुकडे लागले तर मेसेज कर, आमच्याकडे बारची टोकं उरतात.